'ने' म्हणजे होय

आमच्या हाताखाली मराठी शिकलेला लिंबायतचा एक विद्यार्थी सध्या सायप्रसमध्ये लिमासोल येथे हॉटेलात नोकरीस आहे. 1974 पासून त्या बेटाची फाळणी झाली असून दक्षिणेकडे ग्रीक व उत्तरेकडे तुर्की बोलतात. 1960 पर्यंत तेथे इंग्रजी अंमल होता, त्यामुळे इंग्रजीवर पुष्कळसे निभावते. पण सगळेच नव्हे! पहिल्याच आठवड्यात तो भाड्याची खोली पाहावयास गेला. "खोली रिकामी आहे का?" घरमालकीण म्हणाली, "ने." मराठीत नाही, गुजरातीत ना, बिचारा मुकाट्याने जिना उतरू लागला. बाईंनी हाका मारून परत बोलाविले तेव्हा उलगडा झाला की, ग्रीकांचे 'ने' म्हणजे होय. नाहीला ते 'ओही' म्हणतात.

आम्हांस आमचे वडील आठवले. खानदेशातून उधन्यास नवे आलेले असताना मुकादमाच्या 'सारुं'चा अर्थ 'सारे' असा घेऊन त्यांनी सगळेच तागे उचलून आणले होते.

ग्रीकमध्येही मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत, आणि वडीलधाऱ्यांस अनेकवचनाने संबोधितात. "तेवढे नव्याने शिकावे लागले नाही, सर," असे तो लिहितो. कामाचा परवाना मात्र मालकाच्या नावाशी बांधलेला. रजा मागतानाही जीव मुठीत.

त्याची मुलगी सुरतेसच, आमच्या शाळेत दुसरीत आहे. परवा तिने फोनवर विचारले, "दिवाळीला येणार ना?" सवयीने तो "ने" म्हणून गेला. पोर दिवसभर रडत होती. समजूत घालावयास आम्हीच गेलो. रजा मंजूर झाल्याचे अद्याप कळलेले नाही.