खोकला संत्र्याचा की गोळीचा?

नागपुरात थंडी आणि संत्र्यांचा मोसम हातात हात घालून येतात. त्यामुळे घरातील ज्येष्ठांना कोरडा खोकला लागला, की दोष आंबट फळाला, गारठ्याला किंवा धुळीला दिला जातो. रोज नेमाने घेतल्या जाणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल ही औषधे ‘एसीई इन्हिबिटर’ या गटातील आहेत. ती शरीरातील ज्या एन्झाइमला रोखतात, तेच ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचे विघटन करीत असते. हे द्रव्य साचले की श्वासमार्गातील मज्जातंतू उत्तेजित होतात, घसा खवखवतो आणि कफाशिवाय ढास लागते. असा त्रास १०० पैकी साधारण ५ ते २० जणांना होतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते. गोळी सुरू केल्यानंतर काही तासांत, तर कधी काही महिन्यांनीही तो उद्भवतो. म्हणूनच दोहोंतील संबंध ध्यानात येत नाही.

अशा खोकल्यावर बाटल्यामागून बाटल्या औषध घेऊनही उपयोग होत नाही. उलट, सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतील घटकांनी रक्तदाबच वाढतो. मात्र गोळी परस्पर बंद करणे त्याहून घातक ठरू शकते. डॉक्टर ती बदलून बहुधा टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन यांसारखे औषध देतात. त्यानंतर खोकला बहुतेकांच्या बाबतीत १ ते ४ आठवड्यांत, क्वचित ३ महिन्यांत थांबतो.

दम्याच्या रुग्णांनी आणखी एक काळजी घ्यावी. प्रोप्रॅनोलॉलसारख्या ‘बीटा ब्लॉकर’ औषधांनी श्वासनलिका आकुंचन पावून धाप लागू शकते. म्हणून दम्याचा पूर्वेतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगावा. ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला अथवा श्वास कोंडू लागला, तर गोळीचा पुढचा डोस न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रत्येक खोकल्याचे खापर गोळीवर फोडणेही योग्य नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, ताप, वजनातील घट किंवा थुंकीतून रक्त ही लक्षणे असल्यास क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. पायांवर सूज असेल किंवा आडवे होताच धाप लागत असेल, तर हृदयाचीही तपासणी आवश्यक ठरते.

डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत आणि कोणती गोळी केव्हा सुरू झाली, खोकला केव्हा लागला, या तारखा लिहून ठेवाव्यात. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर रुग्णालाही करता येते.