यंत्राची चाल, माणसाचा डाव

संगणकानं बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवलं आणि त्याचा जगभर गाजावाजा झाला. पण त्या पटावर खरोखर कोण कोणाशी खेळत होतं?

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये शिरलेला पर्यटक हमखास थबकतो तो सम्राट यंत्रापाशी. सुमारे २७ मीटर उंचीचं हे सावलीचं घड्याळ! सवाई जयसिंहानं अठराव्या शतकात ते उभारलं. पितळेच्या लहान यंत्रांवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यानं दगड-चुन्याची अवाढव्य यंत्रं बांधून घेतली. सम्राट यंत्रावर दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते. माणसाच्या नुसत्या डोळ्यांना हे कधीच जमलं नसतं. पण म्हणून ‘यंत्रानं माणसाला हरवलं’ अशी हाकाटी कुणी केली नाही. जंतर म्हणजे यंत्रच, आणि ते माणसाच्या हाताखालचं, हे सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

यंत्र बुद्धिबळाच्या पटाशी येऊन बसलं, तेव्हा मात्र माणूस बिथरला.

मे १९९७. न्यूयॉर्कमधल्या एका गगनचुंबी इमारतीचा ३५वा मजला. एका बाजूला जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह, दुसऱ्या बाजूला आयबीएम कंपनीचा संगणक ‘डीप ब्ल्यू’. सामना सहा डावांचा, बक्षिसाची रक्कम ११ लाख डॉलर. त्यातले सात लाख विजेत्याला, चार लाख पराभूताला. ‘न्यूजवीक’ साप्ताहिकानं तर या सामन्याला ‘मेंदूची अखेरची झुंज’ ठरवून मुखपृष्ठावर स्थान दिलं. ११ मे रोजी शेवटच्या डावात कास्पारोव्हनं अवघ्या १९ खेळ्यांत हार मानली आणि साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी सामना संगणकानं जिंकला. आदल्याच वर्षी, १९९६ मध्ये फिलाडेल्फियात, कास्पारोव्हनं याच यंत्राला ४-२ असं हरवलं होतं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो १९९७चा पराभवच.

पेटीत लपलेला माणूस

अशा खेळांचा तमाशा जुनाच. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात केम्पेलेन नावाच्या गृहस्थानं पगडी घातलेला एक यांत्रिक पुतळा आणला. तो बुद्धिबळ खेळायचा आणि भल्याभल्यांना हरवायचा. १८०९ मध्ये खुद्द नेपोलियन त्याच्याशी खेळून हरला. गुपित पुढे उघड झालं. पुतळ्याखालच्या पेटीत एक पट्टीचा खेळाडू दडून बसलेला असे!

१९९७ मध्ये कास्पारोव्हलाही नेमका हाच संशय आला. दुसऱ्या डावातल्या यंत्राच्या खेळ्या त्याला माणसासारख्या वाटल्या. तो इतका अस्वस्थ झाला की, बरोबरीत सोडवता येण्याजोगा डाव त्यानं सोडून दिला. यंत्राच्या कामकाजाच्या नोंदी दाखवा, असा आग्रह त्यानं धरला. कंपनीनं या नोंदी नंतर प्रसिद्ध केल्या, पण फेरसामना मात्र दिला नाही, उलट यंत्रच मोडीत काढलं.

पण या वेळी माणसं लपलेली नव्हतीच. फेंग-श्युंग श्यू, मरे कॅम्पबेल, जो होन हे शास्त्रज्ञ उघडपणे राबत होते. ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन त्यांना मार्गदर्शन करत होता. सेकंदाला २० कोटी स्थिती तपासणाऱ्या यंत्राला सोंगटी उचलायलाही माणूसच लागत होता. कास्पारोव्ह हरला तो या माणसांच्या अनेक वर्षांच्या मेहनतीपुढे, आणि थोडासा स्वतःच्या मनापुढेही. जिंकल्याचा आनंद झाला तोही माणसांनाच. यंत्राला त्याचं काय!

आनंदची न गाजलेली बातमी

आपल्याकडे एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात नाही. १९९४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या जलदगती स्पर्धेत ‘चेस जिनियस’ या संगणकीय कार्यक्रमानं कास्पारोव्हला गारद केलं आणि एकच खळबळ उडाली. त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्याच यंत्राला २-० असं नमवलं ते आपल्या विश्वनाथन आनंदनं! पण यंत्र जिंकलं की बातमी मोठी, माणूस जिंकला की छोटी.

पुढे १९९८ मध्ये ‘रेबेल’ या कार्यक्रमाशी झालेल्या लढतीत आनंद ३-५ असा हरला. झटपट डावांत यंत्र सरस ठरलं, पण संथ गतीच्या दोन डावांत आनंदनं दीड विरुद्ध अर्धा गुण मिळवला. १९९९ मध्ये स्पेनमधल्या लिऑनला तर त्यानं वेगळाच खेळ मांडला. तो आणि कार्पोव्ह, दोघांच्याही शेजारी एकेक संगणक होता. आनंदनं ५-१ अशी बाजी मारली. समोर बसलेलं यंत्र शेजारी आलं, आणि त्याचा उपयोग कुणाला अधिक कळतो ते दिसलं.

मग मुलांनी शिकायचं कशाला?

२००६ मध्ये बॉनला तेव्हाचा जगज्जेता क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’कडून २-४ असा हरला. एका डावात तर पुढच्याच खेळीला होणारी मात त्याच्या नजरेतून निसटली. त्यानंतर अशा सामन्यांतली हवाच गेली. आज खिशातल्या मोबाइलवरचा कार्यक्रमही जगज्जेत्याला भारी पडतो.

मग घरात पट मांडून बसलेल्या मुलाला आईवडिलांनी काय सांगायचं? उत्तर आपल्या मुलांनीच दिलंय. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश १८ व्या वर्षी जगज्जेता झाला. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला सुरुवातीची अनेक वर्षं संगणकाच्या सल्ल्यापासून मुद्दाम दूर ठेवलं होतं. आधी स्वतः विचार, मग यंत्राची साथ. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा लोकांचं लक्ष होतं ते तिच्याकडे. यंत्र कोणती खेळी सुचवतंय, याची त्यांना फिकीर नव्हती.

धोका आहे तो दुसराच. मूल डाव संपताच ‘मी कुठं चुकलो?’ हे स्वतः न शोधता पडद्यावरचा आकडा पाहतं. चूक दिसते, पण ती का झाली ते कळत नाही. म्हणून आधी पटावर डाव पुन्हा मांडायला लावा, चूक तोंडानं सांगायला लावा. संगणक उघडायचा तो त्यानंतर.

जंतरमंतरमधली सावली आणि मनगटावरचं घड्याळ कधी जुळत नाहीत. प्रमाणवेळेच्या रेषेपासून जयपूर बरंच पश्चिमेला आहे. तिथं सूर्य सरासरी २७ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, आणि ऋतूनुसार हा फरकही कमी-जास्त होतो. सम्राट यंत्र आपली सावली चोख दाखवतं. तीत किती मिनिटं मिळवायची, हा हिशेब मात्र समोर उभ्या असलेल्या माणसालाच करावा लागतो.