करवतीचे दुसरे टोक

गेल्या माघात आमच्या गल्लीत एका घरी लग्नाचा गोंधळ होता. परभणी जिल्ह्यात गोंधळाची आवड अजून शाबूत आहे. महाराष्ट्राने गोंधळमहर्षी म्हणून ज्यांना ओळखले ते राजारामबापू कदम या परभणीचेच. संबळ घुमत होता, दिवटी पाजळली होती, आणि मुख्य गोंधळ्याच्या पाठीशी एक पोरगेलासा मनुष्य तुणतुणे छेडीत उभा होता. रात्रभर त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. तुणतुण्याकडे पाहायचे नसतेच मुळी. ते थांबले म्हणजे तेवढे काहीतरी चुकल्यासारखे वाटते. बिचाऱ्या वाद्याचा आपण वाक्प्रचारसुद्धा केला तो टिंगलीचा!

दुसऱ्या दिवशी बी. ए.च्या वर्गातला एक विद्यार्थी खोलीत आला. याला गिटारचे वेड. "सर, हे ऐका," म्हणून त्याने मोबाईल पुढे केला. गिटार मला सिनेमातून ठाऊक. पण हे काही निराळेच होते. ओंजळीतून ज्वारीचे दाणे परातीत पडावेत तसे एकेक सूर सुटे, स्पष्ट आणि विलक्षण वेगाने पडत होते. गाणे संपल्यावर तो म्हणाला, "हा माणूस आंधळा होता, सर."

त्या माणसाचे नाव आर्थेल लेन वॉट्सन. जग त्याला डॉक वॉट्सन म्हणते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ॲपलॅचियन डोंगरांच्या कुशीत डीप गॅप नावाचे खेडे आहे, त्याच्या परिसरात ३ मार्च १९२३ रोजी तो जन्मला. वर्षाचा होण्याआधीच डोळ्यांच्या विकाराने त्याची दृष्टी गेली. घर शेतकऱ्याचे, मुले पुष्कळ, पैसा बेताचा. बाप मजुरी करी आणि देवळात भजने सांगे.

तिकडच्या डोंगरातल्या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. नाव ऐकून मला आधी कुरणच आठवले, आणि ते अगदीच चूक नव्हते. केंटकी राज्याचे टोपणनाव 'ब्लूग्रास स्टेट'. तेथल्या बिल मन्रोने आपल्या ताफ्याला ते नाव दिले आणि पुढे त्या साऱ्या गायकीलाच ते चिकटले. फिडल म्हणजे व्हायोलिन, बँजो, मँडोलिन, गिटार आणि मोठा उभा बास, एवढा त्यांचा सरंजाम. त्यात सुरावट खेळवायची ती फिडलने, बँजोने नाहीतर मँडोलिनने. गिटारने मागे उभे राहून ठेका धरायचा. थोडक्यात, गिटार हे त्यांचे तुणतुणे! त्या तुणतुण्याला पुढे आणून बसवण्यात ज्यांचा हात लागला, त्यांत हा आंधळा अगदी वरचा.

आर्थेल अकरा वर्षांचा असताना बापाने त्याला घरीच एक बँजो करून दिला. त्यावर ताणायला कातडे हवे होते. आजीचे एक म्हातारे मांजर अखेरच्या घटका मोजीत होते. त्याचे कातडे बँजोवर चढले. वाचकांपैकी कोणी नाक मुरडील, पण आपल्या तुणतुण्याच्या बुडाला तरी काय असते? पुढे शेजारची एक गिटार हाती आली, तेव्हा बापाने पैज लावली : मी कामावरून येईपर्यंत एक गाणे बसव, तुला गिटार घेऊन देतो. पोराने गाणे बसवले. बापाने बारा डॉलरची गिटार घेतली.

परंतु मला या बापाची खरी ओळख पटली ती दुसऱ्याच गोष्टीत. मुलगा चौदा वर्षांचा झाल्यावर त्याने त्याला आडव्या करवतीच्या एका टोकाला उभे केले. दोघांनी ओढायची ती लांब करवत. एका टोकाला डोळस, दुसऱ्या टोकाला आंधळा. करवतीला काय, समोरच्याची ओढ कळली म्हणजे झाले. त्या काळात रोगाने अमेरिकेतली चेस्टनटची झाडे उभ्याउभ्या वाळली होती. आर्थेल आणि त्याचा भाऊ ही झाडे कापून चामडे कमावणाऱ्या कारखान्याला विकीत, आणि त्याच पैशांतून आर्थेलने टपालाने दुसरी गिटार मागवली. आपणही काही उपयोगाचे आहोत हे बापाने त्या करवतीने शिकवले, असे तो पुढे जन्मभर सांगे.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. गंगाखेडला आमच्या लहानपणी वाड्यात माझ्याच वयाचा एक आंधळा मुलगा होता. गोरापान, हुशार, एकादशीच्या भजनात टाळ असा धरी की बुवांनी मान डोलवावी. पण घरच्यांची माया मोठी. त्याला आडावर जाऊ देत नसत, भाजी निवडू देत नसत, तांब्यासुद्धा हातात आणून देत. दिवसभर तो ओट्यावर बसून असे. आम्ही गोदावरीवर पोहायला निघालो की पावलांवरून तो प्रत्येकाला ओळखी आणि नावाने हाक मारी. आम्ही "आलोच" म्हणून पळत असू. कोणी त्याला एकदा तरी नदीवर नेले का? मी तरी नेले नाही.

असो. आर्थेलचा 'डॉक' कसा झाला ती गोष्ट मौजेची आहे. १९४१ च्या सुमारास लेनॉर गावी रेडिओचा कार्यक्रम चालू होता. निवेदकाला हे आडवळणी नाव जड वाटले, तेव्हा श्रोत्यांतली एक बाई ओरडली, "याला डॉक म्हणा!" झाले बारसे. १९४७ साली फिडलवादक गेथर कार्लटन यांच्या मुलीशी, रोझा ली हिच्याशी त्याचे लग्न झाले. संसारासाठी त्याने पियानो जुळवून देण्याचीही कामे केली. १९५३ पासून तो एका नाचाच्या ताफ्यात विजेची गिटार वाजवू लागला. नाचाला फिडलच्या चाली हव्यात आणि ताफ्यात फिडलवाला नाही! तेव्हा डॉकने त्या भरधाव चाली गिटारवर बसवल्या. सारे कसब या अडचणीतून जन्मले.

१९६० साली राल्फ रिंझ्लर हा न्यूयॉर्कचा संशोधक क्लॅरेन्स ॲश्ली या जुन्या गायकाचे ध्वनिमुद्रण करायला त्या डोंगरात आला. साथीला डॉक आला तो विजेची गिटार घेऊन. रिंझ्लरला ती चालेना. डॉकजवळ दुसरी नव्हती. पुढे प्रवासात ट्रकच्या मागच्या बाजूला बसून रिंझ्लर बँजो छेडीत होता. डॉकने तो बँजो मागून घेतला, आणि कोणाला शोधायला आलो होतो नि कोण सापडला हे रिंझ्लरला तिथेच उमगले. १९६३ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात चाळिशीचा डॉक साध्या लाकडी गिटारसह उभा राहिला आणि तेथून त्याचे नाव झाले.

पुढची मोठेपणाची यादी मी देत बसत नाही. सात ग्रॅमी मिळाल्या, १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते राष्ट्रीय कलापदक मिळाले, एवढे पुरे.

मुलगा मर्ल याचे मात्र सांगितलेच पाहिजे. १९६४ साली डॉक दौऱ्यावर असताना पंधरा वर्षांच्या मर्लने आईकडून गिटारचे पहिले धडे घेतले. बाप परत येतो तो पोरगा वाजवतो आहे! काही महिन्यांतच बापलेक एका व्यासपीठावर बसले, ते वीस वर्षे. मर्ल साथही करी आणि बापाला हात धरून गावोगाव नेईही. २३ ऑक्टोबर १९८५ रोजी ट्रॅक्टरच्या अपघातात मर्ल गेला. छत्तीस वर्षांचा.

डॉकने गिटार ठेवून द्यायचे ठरवले. अंत्यविधीच्या आदल्या रात्री त्याला स्वप्न पडले : अंधारे वाळवंट आहे, आपण रुतत चाललो आहोत, इतक्यात एक बळकट हात पुढे येतो आणि मर्लचा आवाज म्हणतो, चला बाबा, जमेल तुम्हांला. तो पुन्हा वाजवू लागला. १९८८ पासून विल्क्सबरोच्या कॉलेजात मर्लच्या नावाने वार्षिक महोत्सव भरू लागला आणि थकेपर्यंत म्हातारा त्यात वाजवीत राहिला. २९ मे २०१२ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी तो गेला. रोझा ली त्याच वर्षी, सहा महिन्यांच्या आत त्याच्यामागून गेली.

बून गावी रस्त्याच्या ज्या कोपऱ्यावर तरुणपणी डॉक चार पैशांसाठी वाजवीत बसे, तेथे २०११ साली त्याचा पुतळा बसवला. बाकावर बसलेला, मांडीवर गिटार. शेजारी कोणाला बसता येईल एवढी जागा सोडलेली. खाली काय लिहावे असे विचारले तेव्हा त्याने मोठेपणाची बिरुदे नाकारली. 'लोकांपैकीच एक' एवढेच तेथे कोरले आहे.

माझ्या विद्यार्थ्याला हे सारे सांगितले, तर त्याने तिसरेच विचारले : "सर, त्या वाड्यातल्या मुलाचे पुढे काय झाले?" मी गंगाखेडला जाऊन चौकशी केली. वाडा पडला आहे. ओटा तेवढा शिल्लक आहे.