अराज्यवाद म्हणजे बेबंदशाही नव्हे

अराज्यवाद (सक्तीच्या राज्यसत्तेवाचून समाज चालू शकतो, असे मानणारा विचार) म्हटले की अनेकांना जाळपोळ आठवते. काही अराज्यवाद्यांनी बॉम्ब फेकले, हे खरेच. पण या विचाराचा विरोध नियमांना नाही, वरून लादलेल्या हुकमतीला आहे. इर्जिकीत शेजारी आपापली औते घेऊन एकाच्या शेतावर येतात. हुकूम कोणाचाच नसतो, तरी नांगरणी शिस्तीत होते. तसेच हे.

या विचाराला शास्त्रीय पाया देण्याचा मोठा प्रयत्न रशियन भूगोलतज्ज्ञ प्योत्र क्रोपोत्किन यांनी केला. १८६०च्या दशकात सायबेरियात हिंडताना त्यांना एकाच जातीच्या प्राण्यांमधली आपसातली झुंज फारशी दिसली नाही. दिसली ती थंडी-उपासमारीला एकजुटीने दिलेली टक्कर. १९०२च्या ‘म्युच्युअल एड’ या ग्रंथात त्यांनी ते सविस्तर मांडले. त्यांनी डार्विनला नाकारले नाही. संघर्षाइतकेच सहकार्यही उत्क्रांती घडवते, असे त्यांचे प्रतिपादन होते.