गेमसाठी नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी

पालकहो, मुलांनी ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरला, की आपलं कोल्हापूरचं गुऱ्हाळ आठवा. घाण्यातून रसच कमी येत असेल, तर मोठी काहील घेऊन गूळ वाढेल का? कॉम्प्युटरचंही तसंच. प्रोसेसर प्रत्येक चित्राची, म्हणजे फ्रेमची, तयारी करतो आणि ग्राफिक्स कार्ड ती रंगवतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्यात, तर दोघांनाही एकेक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत उरकावी लागते. जो मागे पडेल, त्याच्याच वेगानं गेम चालतो.

घरीच तपासून बघा. व्ही-सिंक बंद करून गेमचं रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आणा. फ्रेम रेट चांगला वाढला, तर कार्ड कमी पडतंय. तेवढाच राहिला, तर अडचण बहुधा प्रोसेसरची. मग महागड्या कार्डाचे पैसे वायाच!