शेकडा सूट, विक्री किंमत व नफा-तोटा

शेकडा सूट, विक्री किंमत व नफा-तोटा या व्यापारी अंकगणितातील परस्परांशी निगडित संकल्पना होत. वस्तू मिळवण्यासाठी झालेला खर्च आणि ती विकून आलेली रक्कम यांतील फरक म्हणजे नफा किंवा तोटा. छापील किमतीतून ग्राहकास जी रक्कम कमी करून दिली जाते, तिला सूट म्हणतात. लहानमोठ्या व्यवहारांची तुलना करता यावी म्हणून या रकमा दर शंभरामागे, म्हणजेच शेकडेवारीने सांगतात. या हिशेबातील बहुतेक चुका गुणाकार-भागाकाराच्या नसतात. शेकडा कोणत्या रकमेवर काढावयाचा, हे आधी निश्चित न केल्यामुळे त्या होतात. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली परिसरातील व्यवहारांच्या आधारे हा हिशेब स्पष्ट केला आहे. उदाहरणांतील भाव व खर्च केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत.

पार्श्वभूमी

शेकडेवारी हे त्रैराशिकाचेच एक रूप आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ (इ.स. ११५०) च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती' या ग्रंथात त्रैराशिक, पंचराशिक व शंभरावरील मासिक व्याजाची उदाहरणे आली आहेत. त्रैराशिकात प्रमाण, फल व इच्छा अशा तीन राशी असतात. फल व इच्छा यांच्या गुणाकाराला प्रमाणाने भागले असता इच्छाफल मिळते. शेकडेवारीत प्रमाण नेहमी १०० असते. महाराष्ट्रातील शालेय गणितात नफा-तोटा हा भाग उच्च प्राथमिक स्तरावर, तर सूट व कमिशन हा भाग आठवीच्या पाठ्यपुस्तकात येतो.

परिभाषा

खरेदी किंमत : वस्तू घेताना दिलेली रक्कम. वाहतूक, हमाली, तोलाई, साठवण इत्यादी वरखर्च तीत मिळवल्यावर एकूण खरेदी किंमत होते.

छापील किंमत : वस्तूवर किंवा वेष्टनावर लिहिलेली किंमत.

सूट : छापील किमतीतून वजा केलेली रक्कम. शेकडा सूट नेहमी छापील किमतीवर मोजतात.

विक्री किंमत : सूट वजा जाता ग्राहकाने प्रत्यक्ष दिलेली रक्कम.

नफा व तोटा : विक्री किंमत एकूण खरेदी किमतीहून अधिक असल्यास नफा, कमी असल्यास तोटा. शेकडा नफा व शेकडा तोटा एकूण खरेदी किमतीवर मोजतात.

कमिशन अथवा अडत : माल विकून देणाऱ्याचा मोबदला. तो विक्रीच्या रकमेवर मोजतात.

सूत्रे

सूट = छापील किंमत × शेकडा सूट ÷ १००

विक्री किंमत = छापील किंमत − सूट

शेकडा नफा = नफा × १०० ÷ एकूण खरेदी किंमत

शेकडा तोटा = तोटा × १०० ÷ एकूण खरेदी किंमत

वरखर्च व घट : हळदीचे उदाहरण

सांगली ही हळदीची प्रसिद्ध बाजारपेठ असून सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, एका व्यापाऱ्याने १२,००० रु. क्विंटल दराने १० क्विंटल हळद घेतली आणि १३,००० रु. क्विंटल दराने विकली. क्विंटलमागे १,००० रु. सुटले, म्हणून शेकडा ८.३३ नफा झाला, असे वरवर पाहता वाटते. मात्र वाहतूक, हमाली व साठवण यांवर ४,००० रु. खर्च झाला आणि सुकल्यामुळे व चाळणीत मिळून २० किलो घट आली, असे धरल्यास चित्र पालटते. एकूण खरेदी किंमत १,२४,००० रु. झाली. विकण्यास ९.८ क्विंटल माल उरला, त्याचे १,२७,४०० रु. आले. नफा ३,४०० रु., म्हणजे शेकडा सुमारे २.७४ इतकाच झाला.

सांगलीजवळील हरिपूर येथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची जुनी पद्धत आहे. साठवलेला माल खराब झाल्यास तोटा कसा भरून निघेल, हा प्रश्न अशा व्यापारात नेहमीचाच. वरील १० क्विंटलांपैकी १ क्विंटल, म्हणजे शेकडा १० माल वाया गेला, तर उरलेल्या मालाचा भाव शेकडा १० ने वाढवून भागत नाही. १३,२०० रु. दराने ९ क्विंटलांचे १,१८,८०० रु. येतात आणि मूळ १,२०,००० रुपयांत १,२०० रु. कमी पडतात. नुसते मुद्दल वसूल होण्यासाठी दर सुमारे १३,३३३ रु. हवा, ही वाढ शेकडा ११.११ आहे. घट दहा क्विंटलांवर मोजली जाते, भरपाई मात्र नऊ क्विंटलांवर करावी लागते, हे त्याचे कारण.

उत्पादकाचा हिशेब : बेदाण्याचे उदाहरण

सांगली जिल्ह्यात, विशेषतः तासगाव परिसरात, द्राक्षांपासून बेदाणा तयार होतो व त्याचे सौदे होतात. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एक किलो बेदाण्यास साधारणपणे चार किलो द्राक्षे लागतात. द्राक्षांचा दर ३० रु. किलो धरल्यास १२० रुपयांची द्राक्षे व प्रक्रियेचा ३० रु. खर्च मिळून किलोभर बेदाणा १५० रुपयांस पडतो. सौद्यात १८० रु. दर मिळाल्यास नफा ३० रु., म्हणजे शेकडा २० होतो. १४० रु. मिळाल्यास तोटा १० रु., म्हणजे शेकडा ६.६७ होतो.

येथे घरच्या माणसांचे श्रम धरले आहेत की नाहीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्या श्रमांची मजुरी किलोमागे २० रु. धरली, तर खर्च १७० रु. होऊन १८० रु. दरातही नफा १० रु., म्हणजे शेकडा ५.८८ एवढाच राहतो, १४० रु. दरातील तोटा शेकडा १७.६५ वर जातो. खर्चाची बाजू अपुरी मांडली, की कागदावर नफा दिसतो आणि वर्षाअखेर हाती काहीच उरत नाही.

अडतीचा परिणामही याच बाजूस येतो. विक्रीच्या १०,००० रुपयांवर शेकडा ६ अडत उत्पादकाने दिल्यास त्याच्या हाती ९,४०० रु. येतात. महाराष्ट्रात फळे व भाजीपाला यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय जुलै २०१६ मध्ये झाला.

दुकानातील सूट

साताऱ्याच्या मोती चौकासारख्या बाजारात दिवाळीच्या सुमारास सुटीचे फलक लागतात. समजा, कापडविक्रेत्याने ८०० रुपयांच्या साडीवर शेकडा २५ वाढवून १,००० रु. किंमत छापली आणि शेकडा २० सूट दिली. पंचवीस वाढवून वीस सोडले, तेव्हा शेकडा ५ नफा उरला, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात १,००० रुपयांवरील सूट २०० रु. होते, साडी ८०० रुपयांसच जाते व नफा शून्य राहतो. शेकडा २० वाढवून शेकडा २० सूट दिली असती, तर ९६० रुपयांवर १९२ रु. सुटून साडी ७६८ रुपयांस गेली असती. म्हणजे शेकडा ४ तोटा.

अपेक्षित नफ्यावरून छापील किंमत काढताना उलट दिशेने जावे. ६०० रुपयांच्या वस्तूवर शेकडा १० सूट देऊनही शेकडा २० नफा हवा असल्यास विक्री किंमत ७२० रु. हवी. ही रक्कम छापील किमतीच्या शेकडा ९० असल्याने छापील किंमत ७२० × १०० ÷ ९० = ८०० रु. येते.

लागोपाठच्या सुटी

शेकडा २० व त्यावर आणखी शेकडा १० सूट म्हणजे शेकडा ३० सूट नव्हे. १,००० रुपयांचे आधी ८०० व नंतर ७२० रु. होतात, एकूण सूट शेकडा २८ असते. क्रम बदलला तरी उत्तर तेच येते. 'तीनवर एक मोफत' या योजनेत चार वस्तूंपैकी तिहींचे पैसे द्यावे लागतात. म्हणून ती शेकडा ३३ नव्हे, तर २५ सूट ठरते. 'एकावर एक मोफत' म्हणजे शेकडा ५० सूट. पण ग्राहकास दोन्ही वस्तूंची गरज असेल तरच.

करासह किंमत

वेष्टित वस्तूंवरील कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू आहे. करासह किमतीतून कर वेगळा करताना शेकडा थेट त्या किमतीवर काढू नये. शेकडा ५ कर धरून किंमत १,०५० रु. असल्यास मूळ किंमत १,०५० × १०० ÷ १०५ = १,००० रु. व कर ५० रु. येतो, थेट १,०५० वर शेकडा ५ काढल्यास ५२.५० रु. हे चुकीचे उत्तर मिळते.

पडताळा

उत्तर तपासण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे ठरतात : शेकडा कोणत्या रकमेवर काढला आहे, सर्व वरखर्च व घट धरली आहे का, आणि आलेल्या उत्तरावरून उलट हिशेब केल्यास मूळ रक्कम परत मिळते का. यांपैकी पहिल्याचे उत्तर चुकले, तर पुढील आकडेमोड बिनचूक असूनही निष्कर्ष चुकतो.