शिबिर सरलं, हुन्नर गावात राहू द्या

२०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली. त्यात आपलं अंबाजोगाई होतं. टीव्ही-सिनेमातल्या मंडळींनी उभारलेल्या या कामात गावकरी शिबिरात पाणलोटाचं तंत्र शिकले. स्पर्धा २०१९ पर्यंत चालली. गरज मात्र सरली नाही.

दोन काठ्या, आडवी पट्टी, दोरीला दगड, झाली ए-फ्रेम! ओळंबा मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय समपातळीत. चर अंदाजानं खोदाल, तर पाणी सखल जागी जमतं, बांध फोडून माती नेतं.

सरपंच मंडळींनो, एक शनिवार-रविवार ठरवा. जाणत्यांनी आखणी शिकवावी, पोरांनी मोबाईलवर चित्रण. पावसाआधीचं अन् नंतरचं चित्र शेजारी ठेवा. चर कुठं चुकला, ते लगेच कळेल.